चोथ्याचं दूध

आंबेकोंडाला आपला कारखाना हवा होता. वरंधचा घाट चढून पलीकडे गेलं की तिकडची माणसं साखर कारखान्याविषयी अशी बोलत, जशी कमावत्या मुलाविषयी बोलावीत. यंदा त्याची तब्येत बरी आहे, यंदा त्याने हात जरा आखडता घेतलाय. आंबेकोंडाच्या माणसांनी हे वर्षानुवर्षं मान खाली घालून ऐकलं होतं. खाली महाडला एमआयडीसी होती, पण तिथले कारखाने लोकांचे. त्यांच्याविषयी बोलताना तोंडात 'आपला' हा शब्द येत नसे. डोंगराला पाठ लावून बसलेली थोडी घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलपं आणि कुलपांच्या किल्ल्या मुंबईत, अशा गावाला कोण कारखाना देणार?

म्हणून गावच्याच शुभमने वरंधच्या रस्त्यावरची बंद पडलेली भातगिरणी घेतली आणि तिथे नाचणीची बिअर बनवायला सुरुवात केली, तेव्हा गावाने फारशी चर्चा न करता ठरवून टाकलं की हा कारखाना. 'ब्रुअरी' हा शब्द शुभमच्या पाटीवर राहिला. 'दारू' हा शब्द तर कुणी काढलाच नाही. शुभम पुण्यात बरीच वर्षं हेच काम करून आला होता, रीतसर परवाना काढून आला होता, आणि बिअरला त्याने नाव दिलं होतं 'वरकस'. वरकस म्हणजे डोंगरउतारावरची ती हलकी जमीन, जिच्यात भात येत नाही, फक्त नाचणी आणि वरी येते. जिच्या नावाने सातबाऱ्यावर गाव शरमायचं, तेच नाव आता बाटलीवर पिवळ्या अक्षरांत आलं.

उद्‌घाटनाला खालूबाजा, म्हणजे सनई-ढोलांचा ताफा, वाजला. गावकीचे मानकरी कोंडाजी यांनी नारळ फोडला आणि पहिला ग्लास तीर्थ घ्यावं तसा घेतला, उजव्या हातात, डावा हात कोपराला लावून. सगळं गाव त्यांच्या गळ्याकडे बघत होतं. घोट उतरला. कोंडाजी डोंगराकडे बघत म्हणाले, "भाकरीचा वास येतो."

बस्स. तिथून गाव सुटलं. कबड्डीच्या पोरांनी टी-शर्टांवर ते वाक्य छापून घेतलं, खाली कोंडाजींचं नाव. मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाने वार्षिक सभा दादरच्या हॉलऐवजी गिरणीच्या अंगणात घेतली आणि एरवी तीन तास चालणारं भांडण तासाभरात मिटलं. ज्या उतारांवर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या तिथे माणसं पुन्हा कुदळी घेऊन चढली. नाचणी पौष्टिक, म्हणून तिची बिअरही पौष्टिक, असा हिशेब म्हाताऱ्यांनी मांडला आणि तो कुणी खोडला नाही. शिवथरघळीला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या जाताना काचा वर करून जात आणि येताना थांबत. कुणी पाव्हणा आला की त्याला आधी देऊळ दाखवत, मग कारखाना. पुढेपुढे घाईत असले की नुसता कारखाना.

या सगळ्या धामधुमीत एक बाई गिरणीच्या पुढच्या दाराने कधीच आत गेली नाही. ती मागच्या दाराने जायची. तिचं नाव रखमा.

रखमा शिवथरच्या खोऱ्यातली. लग्न होऊन आंबेकोंडात आली तेव्हा सासूने तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी गोठा दाखवला होता. नवरा महादू मुंबईत एका छापखान्यात होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. उरलेलं वर्ष रखमा म्हशींशी बोलत काढायची. ती सवय तिला इतकी जडली, की माणसांशी बोलतानाही तिचा आवाज गोठ्यातलाच असे, मोठा, सरळ, उत्तराची वाट न बघणारा. महादू गेला. मुलगा रितेश मुंबईजवळ दिव्याला खोली घेऊन राहिला. एकदा ती त्याच्याकडे पावसाळाभर राहून आली. परत आल्यावर शेजारच्या सोनाबाईने विचारलं, "कशी हाय गो खोली?" तर म्हणाली, "खोली चांगली हाय. शेण नाय, मूत नाय, वास नाय. आपण हाव का मेलो, काय कळत नाय."

तिच्याकडे तीन म्हशी. वरंधच्या चहाच्या टपऱ्या, शाळेचे मास्तर, गावातली उघडी असलेली घरं, एवढ्यांना तिच्या दुधाचा रतीब. दुधात तिने आयुष्यात पाणी घातलं नव्हतं, आणि घातलं नसल्याचं सांगायची तिला गरजही पडली नव्हती. आणि तिच्या मालकीची आणखी एक गोष्ट होती, जी कागदावर कुठेच नव्हती. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, गाव माळावरच्या वाघाच्या दगडापाशी जमतं. ज्या घरात दुभतं जनावर आहे त्या घराने दूध आणायचं, सगळ्यांचं एका टोपात ओतायचं, नव्या तांदळाची खीर करायची, वाघजाईला नि तिच्या वाघाला दाखवायची आणि वर्षभर आमच्या गोठ्याकडे फिरकू नका म्हणून सांगायचं. त्या टोपात पहिली धार रखमाच्या घरची. सासूच्या सासूपासून. म्हशी कमी झाल्या, घरं बंद झाली, पण पहिली धार चुकली नव्हती.

शुभम तिच्या चुलतदिराचा मुलगा. कारखाना सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, तो तिला रस्त्यात गाठून म्हणाला, "काकी, एक अडचण आहे. मोड आणलेली नाचणी भरडून मी गरम पाण्यात घालतो. गोड पाणी निघतं, त्याची पुढे बिअर होते. मागे जो चोथा उरतो, त्याचं काय करू? ढीग लागलाय."

"दाखव," रखमा म्हणाली.

मागच्या दाराशी ढीग होता. तांबूस, ओला, वाफ निघणारा. रखमाने मनगटापर्यंत हात खुपसला. मग तो नाकाशी नेला. रितेश अंगावर पीत होता तेव्हा ती त्याला नाचणीचं सत्त्व करून द्यायची, त्याच्या भांड्याला असाच वास यायचा.

"आणि हे तू टाकतोस?"

"मग?"

"तुला पुण्याला शिकवलं कुणी रे? टाकतोस म्हंजे काय? यात दारू हाय?"

"नाही ना काकी. दारू नंतर होते, पाण्याची. हा नुसता चोथा. ताजा ताजा घातलात तर म्हशी जीव टाकतील."

म्हशींनी जीव टाकला. चंद्री, तिची सगळ्यात थोरली म्हैस, घमेलं दिसलं की दावं तोडायला बघायची. दूध वाढलं, दाट झालं, चहावर साय धरायला लागली. टपरीवाले विचारायला लागले, "काकी, काय चारताय?" रखमा न लपवता सांगे, "कारखान्याचं." लोक हसत. तोपर्यंत ते कौतुकाचं हसणं होतं. गावाला वाटत होतं, आपल्या कारखान्याने म्हशींचंसुद्धा कल्याण केलं.

मग नवरात्र आलं. गावकीने सांगितलं, नऊ दिवस कारखान्याची चूल बंद. शुभमने मान्य केलं. रखमाला काळजी पडली, नऊ दिवस चोथा कुठून आणायचा? आता या खोऱ्यातलं माणूस चार महिने पावसात कोंडून घेत आलेलं. लाकूड, पेंढा, सुकी मासळी, कांदे, जे काही आहे ते आधी भरायचं, दाबायचं आणि वर झाकण घट्ट बसवायचं, हे त्याच्या हाडात आहे. रखमाने तेच केलं. निळा ड्रम आणला, ओला चोथा पायांनी तुडवून तुडवून भरला, झाकण लावलं, वर पाटा ठेवला. आश्विनाचं ऊन, पत्र्याचा गोठा. अष्टमीला दुपारी झाकण काढलं तर ते तिच्या हातातून जवळजवळ उडालंच. वास असा आला, की कोपऱ्यातली कोंबडी उठून गेली.

'आंबलं असंल,' रखमा मनाशी म्हणाली. 'आंबोण आंबतच की.' आणि तिने घमेलं भरलं.

बाकीच्या दोघींनी हुंगून तोंड फिरवलं. चंद्रीने आपलं खाल्लं, मग त्यांचंही खाल्लं.

वाघजाईच्या देवळात आरती चालली होती. मुंबईहून माणसं आलेली, बाया नव्या लुगड्यांत, कोंडाजी देवीपुढे उभे राहून गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवीशी मोठ्याने बोलणं. कोंडाजींचा आवाज त्यासाठीच घडवल्यासारखा होता. ते एकेक मागणं मांडत होते आणि गाव 'होय म्हाराजा' म्हणत होतं. तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी तुटलेलं दावं ओढत चंद्री आली. ती चालत होती, पण चारही पाय एकमेकांना न विचारता पडत होते. तिने तुळशीवृंदावनाला खांदा दिला, ढोलावरून अलगद पाय उचलला, देवीच्या समोर आली, तिच्याकडे बघितलं आणि चारी पाय पसरून आडवी झाली. मग एक लांब, समाधानी उसासा टाकला. तो सगळ्या देवळात दरवळला.

मागून कुणीतरी म्हणालं, "देवीनं महिषासुर मारला. हात पन नाय उचलला."

गाव फुटलं. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. मुंबईच्या पोरांनी फोन काढले. रखमा धावत आली तेव्हा तिला गर्दीतून वाट काढायला लागली. महाडहून जनावरांचे डॉक्टर आले, नळीने काहीतरी पाजलं, आणि दिवेलागणीपर्यंत चंद्री उठली. पण कोंडाजी हसले नव्हते. त्यांचं गाऱ्हाणं अर्धं राहिलं होतं. तसं त्यांच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

दसऱ्यानंतर गावकी बसली. रखमाला बोलावलं. ती खांबाला टेकून उभी राहिली.

"रखमा, चूक झाली?" कोंडाजींनी विचारलं.

"झाली. ड्रम भरला ती चूक. आता ताजंच घालते."

"ताजं असो नायतर शिळं, दारूचंच उष्टं ते. त्याचं दूध आमी खिरीला घेनार नाय. वाघबारशीचा टोप सोवळा हाय."

"दारू तुमी पिता, भावजी. माझी म्हैस चोथा खाते. आणि उष्टं माझ्या म्हशीचं?"

कुणीतरी खोकलं. कोंडाजींचा चेहरा ताठरला. "तोंड चालवायला नाय बोलावलंय. ठरलं ते ठरलं. खिरीचं दूध यंदा महाडहून पिशवीचं येईल."

एवढंच ठरलं होतं, खिरीपुरतं. पण गावात गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. देवाला जे चालत नाही ते आपल्याला कसं चालेल, असं आधी एका घराला वाटलं, मग पुढच्या. मास्तरांनी शरमत शरमत रतीब बंद केला. टपरीवाला म्हणाला, "काकी, माझं काय नाय, पन गिऱ्हाईक इचारतं, चहा चढंल का?" रखमा भरलेली किटली घेऊन जायची आणि जवळजवळ भरलेलीच घेऊन यायची. दही लावलं, ताक केलं, लोणी काढलं, तूप कढवलं. घरात तुपाचा वास आणि तो घ्यायला एकटी रखमा.

संध्याकाळी रितेशचा फोन आला. त्याला मंडळाच्या ग्रुपवरून सगळं कळलं होतं, चंद्रीचा व्हिडिओही पोचला होता.

"आई, बस झालं आता. महाडच्या दलालाशी बोललोय मी. पाडव्यानंतर येतो म्हणाला, तिन्ही घेऊन जाईल. तू इकडे ये."

"बघू."

"बघू काय? दूधच कुणी घेत नसेल तर म्हशी ठेवून करायचंय काय?"

फोन ठेवून ती गोठ्यात जाऊन बसली. तिन्ही जनावरं काळोखासारखी काळी, त्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. दूध जर खिरीत गेलं नाही, तर ते कुठेच जाणार नव्हतं. आणि दूध कुठे गेलं नाही तर तिला दिव्याला जावं लागणार होतं, जिथे आपण आहोत का नाही हे कळत नाही. इतकी साधी गोष्ट होती ती. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती शेण गोळा करत कोंडाजींच्या घरावरून चालली होती. कोंडाजींची बायको सोनाबाई, तिची जन्माची शेजारीण, अंगणात गाय बांधत होती. वाटेवर गाईचा ताजा पो पडला होता. रखमा वाकली, आणि वाकलेलीच राहिली. शेणात तांबूस फोलपटं होती. नाचणीची, भरडलेली. नाचणी अजून उतारावर उभी होती, कुणाच्याच खळ्यात आली नव्हती. आणि नाचणी अशी भरडून गावात एकटा शुभम ठेवत होता.

तिने मान वर केली. सोनाबाई तिच्याकडेच बघत होती.

"शेण चांगलं पडलंय गो, सोनावैनी."

"पडलंय ना," सोनाबाई म्हणाली. तिचा हात दाव्यावर तसाच राहिला.

"खानं चांगलं असंल."

"असंल बाय. चरते कुठंतरी, मी काय पाठी जाते?"

गाय सुखाने रवंथ करत होती. आतून कोंडाजींचा आवाज आला, चहा मागणारा.

"जा," रखमा म्हणाली. "चहा मागतायत."

तिने शेण पाटीत घेतलं आणि चालू लागली. गावभर ओरडून सांगता आलं असतं. तिचा आवाज तेवढा होता. पण मग कोंडाजी घरात सोनाबाईचं काय करतील, आणि सोनाबाई पुन्हा तिच्याशी कधी बोलेल का, हे दोन प्रश्न तिच्या पाटीत शेणासारखेच जड झाले. त्या दिवसापासून ती वाटेवरच्या प्रत्येक शेणाकडे बघायला लागली. तुळसाच्या दारात फोलपटं. खालच्या आळीत फोलपटं. आंबेकोंडाच्या वाटा तांबूस झाल्या होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं. रखमाही बोलली नाही. पण तिच्या चालण्यात फरक पडला. ती आता एकटी चालत नव्हती.

वाघबारशीच्या सकाळी माळावर सगळं गाव होतं. मुंबईची माणसं होती, रितेशही आला होता, खिशात दलालाचा नंबर घेऊन. तीन धोंड्यांची चूल पेटली होती, वर टोप चढला होता, आणि कोंडाजींच्या पायाशी महाडहून आणलेल्या पिशव्यांचा क्रेट होता, निळा, घामेजलेला. वाघाच्या दगडाला शेंदूर लावलेला, शेजारी वाघजाईचा तांदळा, मूर्ती न घडवलेला नुसता दगड.

रखमा चरवी डोक्यावर घेऊन चढून आली. नवं लुगडं नेसलेली. रितेश पुढे झाला, "आई, कशाला उगाच..." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"रखमा," कोंडाजी म्हणाले, "ठरलंय ना?"

"गावकीनं ठरवलंय. देवीनं कुठं ठरवलंय? मला कौल पायजे."

कौल मागितला की मानकऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. तांदळ्याच्या दोन बाजूंना, खांद्यांच्या जागी, पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोंडाजींनी ओठ आवळले. झेंडूची फुलं मागवली, दोन पाकळ्या तोडल्या, भिजवून चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आवाज तोच, खोऱ्याच्या पलीकडे जाऊन परत येणारा.

"बाय वाघजाई! आज बारशीच्या दिवशी तुझी लेकरं जमली हायत..."

"होय म्हाराजा!"

"ही रखमा, महादूची. हिनं म्हशीला कारखान्याचा चोथा घातला. त्याचं दूध तुझ्या टोपात येऊ म्हनतंय. चालत असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे. कुनाच्या मनात काय वाकडं असंल तर ते सरळ कर..."

"होय म्हाराजा!"

आणि सगळे बघत राहिले. पाकळ्या हलल्या नाहीत. वारा पडला होता. चुलीतलं लाकूड तडतडलं. मुंबईच्या एकाने फोन वर धरून ठेवला होता, त्याचा हात दुखायला लागला आणि त्याने तो खाली घेतला. कोंडाजींच्या कपाळावर घाम आला. रखमाची मान चरवीखाली ताठ होती. पाकळ्या दगडाला अशा बिलगल्या होत्या, जशा तिथेच उगवल्या असाव्यात.

"उतरव ती चरवी, मान मोडंल," मागून आवाज आला.

सोनाबाई होती. तिच्या हातात पितळी तांब्या होता, वर फडकं बांधलेला. ती गर्दीतून पुढे आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"कौल लावायचा तर दोघींचा लावा. माझं दूध पन चोथ्याचंच हाय."

कोंडाजींना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. "काय बोलतेस?"

"चोथ्याचं. कारखान्याच्या. पयल्या पावसापासनं घालते. तुमी रोज म्हनता ना, यंदा गाय सुधारली, चहाला चव आली? ती काय अशीच आली?"

"सोना!"

"देवीनं तेवढं सांगितलं मला, मनातलं वाकडं सरळ कर. आता तुमीच गाऱ्हानं घातलंत, मी काय करू?"

पहिलं हसू कुणाचं ते कळलं नाही. तुळसा पुढे सरकली. बारीक चणीची बाई, गावकीच्या बैठकीत कधी तोंड न उघडलेली. तिने आपली किटली उंच धरली. "माजं पन."

"तुझं पन? तू तर नाक मुरडत होतीस गो!"

"नाक मुरडलं. घमेलं कुठं मुरडलं?"

मग बांध फुटल्यासारखं झालं. खालच्या आळीतली एक, वरच्या आळीतल्या दोघी, ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यात जनावर होतं त्या सगळ्या. कुणी तांब्या, कुणी डबा, कुणी प्लॅस्टिकची बाटली. नेहमीप्रमाणे देवाला म्हणून आपापलं दूध आणलं होतं, पिशवीच्या दुधात गुपचूप घालू म्हणून. आता प्रत्येक बाई आपलं भांडं दाखवून मोठ्याने सांगायला लागली, जशी काही शर्यत होती. माझं श्रावणापासून. माझं तर त्याच्या आधीपासून. कुणीतरी शुभमला ओढून मधे आणला.

"तुला ठावं होतं रे मेल्या?"

शुभमचे कान लाल झाले होते. "ठाऊक काय, पहाटे दार उघडलं की ढीग निम्मा गेलेला असायचा. पण प्रत्येकीनं शपथ घातली होती ना, रखमाकाकीच्या वाट्याचा चोथा आहे, तिला कळता कामा नये म्हणून."

"मला?" रखमा म्हणाली. "मला तर तुमच्या शेनानं सांगितलं कवाच."

सोनाबाईने चमकून तिच्याकडे बघितलं. ठाऊक असून ही बाई गप्प राहिली होती. तिने रखमाच्या डोक्यावरची चरवी दोन्ही हातांनी उतरवून घेतली, पूर्वी विहिरीवर एकमेकींच्या कळशा उतरवायच्या तशी.

या गलक्यात कुणाचं तरी लक्ष देवीकडे गेलं. "पाकळ्या पडल्या!"

सगळे वळले. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या, धुळीत शेजारी शेजारी. एका पाकळीवर मुंगी चढली होती. कुठली आधी पडली, हे माळावरच्या एकाही माणसाने पाहिलं नव्हतं. जिच्यासाठी एवढा वेळ श्वास धरला होता ती गोष्ट घडून गेली होती, आणि तेव्हा सगळे दुसरीकडे बघत होते.

आता सगळे कोंडाजींकडे बघू लागले. कोंडाजी त्या पाकळ्यांकडे बघत होते. त्यांच्या छातीवर, कोटाच्या आत, कबड्डीवाल्यांनी भेट दिलेला टी-शर्ट होता, त्याची पिवळी अक्षरं वरच्या बटणाच्या फटीतून डोकावत होती. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती नजर न काढता उभी होती. एकदा रखमाकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"उजवा," ते म्हणाले.

"तुमी बघितला?" एक मुंबईकर म्हणाला.

"मानकरी मी हाय का तू? उजवा म्हनलं ना! आनि हा क्रेट बाजूला घ्या रे, पायात येतोय. रखमा, ओत. पयली धार तुझी. आग विझंल आता, ओत लवकर."

खालूबाजावाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी सनई तोंडाला लावली. रखमाने चरवी कलती केली. धार पडली, जाड, सलग, टोपाच्या तळाला लागून आवाज करणारी, मग आवाज बुजला आणि नुसतं पांढरं वर चढत राहिलं. तिच्या मागून सोनाबाईने ओतलं, मग तुळसाने, मग बाकीच्यांनी. काही बायका ओतून झाल्यावरही टोपाजवळून हलल्या नाहीत. इतकं दूध त्या टोपात पुष्कळ वर्षांत आलं नव्हतं. ते काठाला लागलं तेव्हा गावाने, कुणाचंही गाऱ्हाणं नसताना, आपणहून 'होय म्हाराजा' म्हटलं.

खीर झाली. वाघाला दाखवली, वाघजाईला दाखवली, पळसाच्या पानांवर सगळ्यांना वाढली. ती दाट झाली होती, चमच्यावर उभी राहील अशी. कोंडाजींनी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घेताना त्यांना कुणीतरी विचारलं, "कसला वास येतो?" त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं, पण मिशीतून हसले. टपरीवाला हात धूत धूत रखमाजवळ आला आणि म्हणाला, "काकी, उद्यापासनं जरा जास्तच टाका. दिवाळीची गर्दी येते घाटात."

"कालपरवापर्यंत चढत होतं ना रे?"

"चढू दे. मी पाटीच लावतो, कारखान्याच्या म्हशीचं दूध. रांग लागंल."

रितेश जरा लांब, एका कातळावर बसला होता. पानातली खीर संपली होती आणि तो बोटाने पान पुसत होता, लहानपणी पुसायचा तसा. रखमा त्याच्याशेजारी जाऊन टेकली. खाली उतारावर नाचणी पिकून तांबडी झाली होती, जिथे गेल्या वर्षी नुसत्या काट्यांच्या जाळ्या होत्या तिथेसुद्धा. तिच्यापलीकडे गिरणीच्या धुराड्यातून वाफ निघत होती.

"दलालाचा नंबर हाय ना तुझ्याकडं?" तिने विचारलं.

"आहे. पण आई, आता..."

"लाव फोन."

"आता कशाला? नाही विकायच्या म्हणतेस ना?"

"इकायच्या कोन बोललं? त्याला इचार, चंद्रीच्या तोलाची एखादी गाभण म्हैस नजरेत हाय का. आनि जरा मोठ्यानं बोल, इथं रेंज नाय."

रितेश उठून उभा राहिला, कातळाच्या टोकाला गेला आणि फोन कानाला लावून मोठ्याने ओरडायला लागला. त्याचा आवाज गोठ्यातला होता.